मेलेल्यांची शेती कोणी केली?

रोमन साम्राज्याचा ऱ्हास हा धडा मी गेली अठरा वर्षं शिकवते आहे. त्याची कारणं ठरलेली आहेत. दुबळे सम्राट, सैन्याची राजकारणातली लुडबूड, सरहद्दीवरच्या टोळ्यांची आक्रमणं, करांचा बोजा, चैनीत बुडालेले सरदार. मुलं ती पाठ करतात, पेपरात मुद्दे घालून लिहितात आणि पास होतात. साथीचे रोग हा मुद्दा माझ्या नोट्समध्ये अगदी शेवटी, 'इतर कारणे' या मथळ्याखाली एका ओळीत होता. ती ओळ मी वाचून दाखवायची आणि घंटा व्हायची.

2023 साली ती ओळ वाचली तेव्हा घंटेला अजून दहा मिनिटं होती. रोममध्ये साथ आली, लाखो माणसं गेली, एवढं सांगून मी थांबले. शेवटच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सत्तवर होला यारु माडिद्रु?" मेलेल्यांची शेतं कोणी केली?

आमचा वर्ग अर्धा मराठी, अर्धा कन्नड. मी वाक्य मराठीत सुरू करते आणि कन्नडात संपवते, आपल्या भागात त्याचं कुणाला नवल नाही. पण ही मुलगी वर्षभरात पहिल्यांदाच बोलली होती. तिचे वडील मे 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. दीड एकर कोरडवाहू जमीन, आई, धाकटा भाऊ. त्या पावसाळ्यात पेरणी झालीच नाही, हे तिनं मला नंतर स्टाफरूमबाहेर सांगितलं. सोसायटीचं कर्ज मात्र वडिलांच्या नावावर तसंच चालू राहिलं होतं.

मला तिच्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. किती मेले, हे इतिहासाच्या पुस्तकात असतं. त्यांच्या मागे राहिलेल्या नांगराचं काय झालं, हे आम्ही शिकवत नाही. त्या उन्हाळ्याच्या सुटीत मी ते शोधायला बसले. जे हाती लागलं त्यातलं थोडं इथे सांगते.

सेल्युकियाहून आलेली साथ

गोष्ट इसवी सन 165 च्या सुमाराची. मार्कस ऑरेलियस आणि त्याचा दत्तक भाऊ लुसियस व्हेरस असे दोन सम्राट एकाच वेळी गादीवर होते. व्हेरसच्या नावानं पूर्वेत पार्थियन राज्याशी युद्ध चाललं होतं. रोमन फौजांनी टायग्रिसच्या काठचं सेल्युकिया लुटलं. पुढे दंतकथा अशी पसरली की तिथल्या अपोलोच्या देवळातली एक पेटी सैनिकांनी फोडली आणि तिच्यातून रोगाची वाफ बाहेर पडली. देवाचा कोप झाल्याशिवाय एवढं मरण येत नाही, अशी समजूत तिकडेही होतीच. आपल्याकडे देवी आल्या की घरात तळण बंद, फोडणी बंद, आणि रोग्याला नाव घेऊन हाक मारायची नाही. कानडी घरांत 'अम्मा' आली म्हणत. माणूस भीतीला नातेवाइकाचं नाव देतो, म्हणजे ती जरा मवाळ होते.

प्रत्यक्षात परतणाऱ्या पलटणींबरोबर रोग पश्चिमेकडे आला. त्या काळातला मोठा वैद्य गेलन तेव्हा रोममध्ये होता. 166 साली तो शहर सोडून मायदेशी निघून गेला. त्याला पुढे सम्राटानंच परत बोलावलं, आणि उत्तर इटलीतल्या अक्विलेइया इथे छावणीत साथ शिरलेली त्यानं पाहिली. ताप, घशाची सूज, जुलाब आणि अंगभर काळपट पुरळ, अशी लक्षणं त्यानं लिहून ठेवली आहेत. त्यावरून बहुतेक अभ्यासक ही देवीची किंवा तिच्या एखाद्या पूर्वज-रोगाची साथ मानतात. मात्र त्या काळच्या हाडांतून तसा पुरावा अजून मिळालेला नाही. देवीच्या विषाणूचे आजवर सापडलेले सर्वांत जुने अंश उत्तर युरोपात मिळाले, आणि तेही इसवी सन 600 च्या आसपासचे आहेत.

लुसियस व्हेरस 169 मध्ये वारला. 189 साली रोम शहरात पुन्हा साथ भडकली. तेव्हा एकेका दिवशी दोन दोन हजार माणसं मरत होती, असं त्या काळी हयात असलेला इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. साऱ्या साम्राज्याची लोकसंख्या त्या वेळी सहा-सात कोटींच्या घरात असावी. त्यातली किती गेली, यावर एकमत नाही. कुणी दहा टक्के म्हणतं, कुणी त्याहून बरंच कमी, कुणी बरंच जास्त.

मला मोठ्या आकड्यांनी फारसं हलवलं नाही. हललं मन ते एका लहान आकड्यानं. इजिप्तमध्ये फायूमच्या सरोवराकाठी सोक्नोपायू नेसोस नावाचं एक गाव होतं. मगरीच्या रूपातल्या देवाचं देऊळ, त्याचे पुजारी, थोडी शेती, उंटांची ये-जा, असं गाव. तिथल्या करवसुलीच्या याद्या पपायरसवर लिहिलेल्या होत्या आणि वाळवंटाच्या कोरड्या हवेत त्या टिकल्या. 178 साल संपताना गावात कर भरणारे सुमारे 244 पुरुष होते. 179 च्या जानेवारीत त्यांतले 59 गेले. फेब्रुवारीत आणखी 19. दोन महिन्यांत गावातला जवळजवळ तिसरा पुरुष नाहीसा झाला. बायकामुलांची नोंदच नाही, कारण ती यादी करासाठी होती. आमच्याकडच्या एखाद्या लहान गावात दोन महिन्यांत 78 तिरड्या उठल्या तर खांदा द्यायला कोण उरेल, याचा विचार करून पाहा.

त्या याद्या लिहिणारा कारकून मात्र काम करत राहिला. माणूस मेला की त्याचं नाव खोडायचं, म्हणजे त्याच्याकडून कर येणार नाही, हे वरच्या कचेरीला कळवायचं. आणि वरच्या कचेरीला तर पैसा हवाच होता. डॅन्यूब नदीपलीकडून मार्कोमान्नी आणि इतर जर्मन टोळ्या चालून येत होत्या. पलटणी साथीनं रोडावल्या होत्या. मार्कस ऑरेलियसनं गुलामांना आणि ग्लॅडिएटरांना सैन्यात घेतलं. प्रांतांवर नवा कर बसवण्याऐवजी राजवाड्यातली सोन्याची भांडी आणि राणीची रेशमी वस्त्रं त्यानं ट्रेजनच्या चौकात लिलावात काढली, असं नंतरच्या चरित्रकारानं लिहिलं आहे. तत्त्वज्ञ राजा म्हणून त्याची कीर्ती आहेच, पण मला तो ह्या लिलावामुळे जास्त आवडतो.

आणि शेतं? शरण आलेल्या टोळ्यांना त्यानं साम्राज्याच्या हद्दीत जमिनी देऊन वसवलं. डेशिया, पॅनोनिया, मोएशिया, इतकंच नव्हे तर खुद्द इटलीत. ज्यांच्याशी लढायचं त्यांनाच नांगर धरायला बोलवायचं, कारण घरचे नांगर धरणारे राहिले नव्हते. रॅव्हेनात वसवलेल्यांनी शहरच ताब्यात घेतलं, तेव्हा त्यानं इटलीत नव्यांना आणणं थांबवलं. पण सरहद्दीवर ते चालू राहिलं. पुढची दोनशे वर्षं रोमच्या इतिहासात ही माणसं कधी शेतकरी, कधी सैनिक, कधी सेनापती म्हणून भेटत राहतात. आम्ही त्यांना 'रानटी आक्रमक' या एका मुद्द्यात बसवतो.

193 साली पर्टिनॅक्स नावाचा सम्राट आला. त्यानं जाहीर केलं की पडीक जमीन, मग ती सम्राटाच्या खासगी मालकीची का असेना, ज्याला जेवढी करता येईल तेवढी त्यानं घ्यावी. दहा वर्षं करमाफी आणि करणाऱ्याला मालकी. इतका सरळ हुकूम मी रोमच्या इतिहासात दुसरा वाचलेला नाही. पर्टिनॅक्स गादीवर तीन महिनेसुद्धा टिकला नाही. त्याच्याच शरीररक्षक सैनिकांनी त्याला मारलं.

अलेक्झांड्रियाचा हिशेब

तिसऱ्या शतकात दुसरी मोठी साथ आली. सुमारे 249 पासून पुढची वीस वर्षं ती थांबून थांबून उसळत राहिली. कार्थेजचा बिशप सायप्रियन यानं तिचं वर्णन केलं म्हणून तिला त्याचं नाव मिळालं. बिचाऱ्याचा त्यात काही दोष नाही. रोग कोणता होता, हे ठरलेलं नाही.

ह्या साथीचा सर्वांत बोलका हिशेब अलेक्झांड्रियाच्या बिशप डायोनिसियसच्या पत्रात आहे. त्या शहरात सरकारी धान्य मिळवणाऱ्यांची यादी असे. डायोनिसियस म्हणतो, पूर्वी चाळीस ते सत्तर वयाचे जेवढे लोक यादीत होते, तेवढे आता चौदा ते ऐंशी वयाचे मिळूनही भरत नाहीत. म्हणजे नोंदणीचं वय खाली आणलं, वर नेलं, तरी संख्या जुनी होईना. रेशन कार्डाच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हा हिशेब कळेल. साथ, दंगे आणि स्थलांतर या सगळ्यांचा तो एकत्र परिणाम असणार, हेही लक्षात ठेवायला हवं.

त्याच काळात साम्राज्य तुकड्यातुकड्यांनी फुटत होतं. 260 मध्ये सम्राट व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला. 270 मध्ये सम्राट दुसरा क्लॉडियस साथीनंच मेला. चांदीच्या नाण्यात चांदी उरली नाही, नुसता मुलामा राहिला. कर देणारे कमी, सैन्याचा खर्च तेवढाच, तेव्हा नाण्यात तांबं घालणं हाच उपाय सुचला.

आणि इथेच माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर मिळतं, ते फार कडू आहे. माणसं कमी झाली की उरलेल्या हातांना मोल यावं. इजिप्तच्या कागदपत्रांवरून काही अभ्यासकांनी तसं दाखवलंही आहे, पहिल्या साथीनंतर मजुरी वाढली आणि जमिनीचा खंड उतरला. पण सत्तेला हे परवडत नाही. 301 मध्ये डायोक्लेशियननं वस्तूंच्या किमती आणि मजुरीचे दर कायद्यानं बांधून टाकले. तो हुकूम दगडावर कोरून ठिकठिकाणी लावला होता. मालावर ताबा काही बसला नाही, पण माणसावर बसला. 332 मध्ये कॉन्स्टंटाइननं कायदा केला की कुळानं जमीन सोडून पळ काढला तर त्याला मूळ मालकाकडे परत करायचं, आणि जो पळून जाण्याच्या बेतात दिसेल त्याला साखळदंड घालायचे. नावानं तो स्वतंत्र, पण शेताशी बांधलेला. मेलेल्यांची शेती जिवंतांच्या गळ्यात अशी पडली.

गळ्यात अडकवलेली नावं

तिसरी साथ सर्वांत भयंकर, आणि तिच्याबद्दल आपल्याला सर्वांत जास्त माहिती आहे. पश्चिमेचं रोमन साम्राज्य तोवर 476 मध्ये संपलं होतं. पूर्वेचं मात्र कॉन्स्टँटिनोपलमधून जोरात चाललं होतं. सम्राट जस्टिनियननं उत्तर आफ्रिका परत जिंकली होती, इटलीत सैन्य घुसवलं होतं, आणि 537 मध्ये हागिया सोफियाचा तो प्रचंड घुमट उभा राहिला होता. गेलेलं सगळं परत येणार, असं वाटण्याचे ते दिवस होते.

541 मध्ये इजिप्तच्या पेल्युसियम बंदरात प्लेग दिसला. 542 च्या वसंतात तो राजधानीत पोचला. ह्या वेळी रोग कोणता याबद्दल शंका राहिलेली नाही. जर्मनीत बव्हेरियातल्या आशहाइम इथल्या सहाव्या शतकातल्या सांगाड्यांच्या दातांतून प्लेगच्या जंतूचा पुरावा मिळाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. हाच जंतू 1894 मध्ये येर्सिननं हाँगकाँगमध्ये शोधून काढला होता. दोन वर्षांनी, 1896 च्या सप्टेंबरात तो मुंबईत उतरला, मग पुणे, मग बेळगाव, धारवाड, हुबळी. पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या. हुबळीत 1898 मध्ये हाफकिनची लस हजारो लोकांना टोचली गेली. त्याच वर्षी कराचीत सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं उंदरावरच्या पिसवांकडून रोग पसरतो हे दाखवलं. जस्टिनियनच्या शहरात धान्याची जहाजं इजिप्तहून येत. धान्याबरोबर उंदीर आणि उंदराबरोबर पिसवा.

प्रोकोपियस हा इतिहासकार तेव्हा शहरात होता. आधी किरकोळ ताप, मग जांघेत, काखेत, कानामागे गाठ. आमच्या आजीच्या पिढीला 'गाठीचा ताप' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नसे. तिच्या शब्दांत आणि प्रोकोपियसच्या वर्णनात साडेतेराशे वर्षांचं अंतर आहे, पण गाठी त्याच जागी. तो म्हणतो की साथ चार महिने राहिली, दिवसाला पाच हजार, नंतर दहा हजार माणसं मेली. एफेससचा जॉन हा दुसरा साक्षीदार सांगतो की सरकारी माणसं वेशींवर प्रेतं मोजत होती आणि 2,30,000 पर्यंत मोजून त्यांनी मोजणं सोडून दिलं. आकडे फुगलेले असतील, पण मोजणारा कंटाळला हे मला खरं वाटतं. पुरायला जागा उरली नाही, तेव्हा खाडीपलीकडच्या सिकाई इथल्या तटाच्या बुरुजांची छपरं काढून आत प्रेतं भरली. रथांच्या शर्यतींवरून एकमेकांची डोकी फोडणारे निळे आणि हिरवे गट एकमेकांची प्रेतं उचलू लागले. खुद्द जस्टिनियनला गाठ आली, पण तो वाचला.

जॉननं एक बारीकशी गोष्ट नोंदवली आहे. लोक घराबाहेर पडताना गळ्यात किंवा दंडाला आपलं नाव लिहिलेली चिठ्ठी बांधून निघत. रस्त्यात पडलो तर कुणीतरी ओळखावं म्हणून. 2021 च्या मे महिन्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या देहांवर चिकटपट्टीनं लावलेली नावं ज्यांनी पाहिली, त्यांना मी वेगळं काय सांगू?

आणि शेतांबद्दलही जॉननंच लिहून ठेवलं आहे. तो सीरियाकडून आशिया मायनरमार्गे राजधानीकडे प्रवास करत होता. वाटेत गावंच्या गावं ओस. गहू पिकून पांढरा पडलेला, उभाच्या उभा, कापायला कुणी नाही. द्राक्षं वेलीवर, पानं गळून गेलेली, तोडायला माणूस नाही. गुरं, मेंढ्या मोकाट, रानटी झालेल्या, कुणी राखण करत नाही. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ बाहेर जाऊन आले.

जस्टिनियननं काय केलं? मार्च 544 मध्ये त्यानं हुकूम काढला. देवाच्या शिक्षेतून वाचलेल्या लोकांनी शहाणं व्हायचं सोडून लोभ धरला आहे, कारागीर, शेतकरी, खलाशी दुप्पट-तिप्पट मोबदला मागत आहेत, तर त्यांनी जुन्याच दरानं काम करावं, नाहीतर दंड. आणि जमिनीचा कर? प्रोकोपियसनं आपल्या गुप्त इतिहासात सम्राटावर दात ओठ खाऊन लिहिलं आहे, तेव्हा ते जरा जपून घ्यावं लागतं. पण तो म्हणतो की शेतकऱ्यांची बहुतेक जात नष्ट झाली असताना ह्यानं करात दमडीची सूट दिली नाही. उलट मेलेल्या शेजाऱ्याच्या जमिनीचा करसुद्धा उरलेल्याकडून वसूल केला. ओसाड शेत शेजाऱ्याच्या नावावर चढवायचं आणि त्यानं ते करो वा न करो, सारा भरायचा, अशी वहिवाट रोमन कायद्यात होतीच.

साथीनं साम्राज्य बुडालं का?

विद्यार्थ्यांना 'होय' किंवा 'नाही' हवं असतं. मला ते देता येत नाही. प्लेग 541 नंतर दोनशे वर्षं परतून येत राहिला. 747 मध्ये कॉन्स्टँटिनोपल पुन्हा इतकं रिकामं झालं की सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाइननं ग्रीसमधून आणि बेटांवरून माणसं आणून शहरात वसवली. मधल्या काळात इटली लोम्बार्डांनी घेतली, बाल्कनमध्ये स्लाव्ह उतरले, इराणशी 602 ते 628 असं सव्वीस वर्षं युद्ध चाललं, आणि 636 मध्ये यार्मूकच्या लढाईत सीरिया अरबांच्या हाती गेला. एके काळी 6,45,000 असलेलं सैन्य जस्टिनियनच्या अखेरीस 1,50,000 वर आलं होतं, असं अगाथियस लिहितो. कागदावरचा तो पहिला आकडा मला पटत नाही, पण माणसांचा तुटवडा पटतो.

दुसरी बाजूही आहे. 2019 मध्ये काही अभ्यासकांनी परागकण, नाणी, शिलालेख, पपायरस असं सगळं तपासून म्हटलं की जस्टिनियनच्या प्लेगानं एवढा उत्पात केल्याची खूण ह्यात दिसत नाही, आपण दोन-तीन लेखकांवर नको तेवढा भरवसा ठेवला. त्यांना उत्तरंही आली. आणि प्लेगनं इराणलाही सोडलं नव्हतं. इतकंच काय, 638-39 मध्ये अम्वासच्या साथीत सीरिया जिंकणाऱ्या अरब सैन्याचा सेनापती अबू उबैदासुद्धा गेला. रोग कुणाच्या बाजूनं लढत नाही.

माझं मत एवढंच की साथ ही भिंत पाडत नाही, भिंतीतले दगड काढते. मार्कसच्या वेळी राज्य धडधाकट होतं, घाव सोसून उभं राहिलं. तिसऱ्या शतकात ते पन्नास वर्षं लंगडलं आणि उठलं, पण उठताना कुळाच्या पायात बेडी घालून उठलं. जस्टिनियनच्या वेळी मात्र तो एकाच वेळी आफ्रिका, इटली, इराण आणि हागिया सोफिया असा सगळा भार उचलायला निघाला होता, आणि 536 पासून ज्वालामुखीच्या धुळीनं सूर्य मंद होऊन पिकंही बसली होती. त्यात साथ आली. लोकसंख्या भरून निघते. आपल्याच देशाचं पाहा, 1918 च्या इन्फ्लुएंझानंतर 1921 च्या खानेसुमारीत भारताची लोकसंख्या 1911 पेक्षा कमी भरली होती, आणि तशी घट त्यानंतर पुन्हा कधी झाली नाही. भरून निघायला दोन पिढ्या स्वस्थता लागते. रोमला ती मिळाली नाही.

त्यांचं शेत

हे सगळं वाचताना मला एक जुनी गोष्ट छळत होती. आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यातलं. तिथे भाताचा एक तुकडा आहे, ओढ्याच्या अंगाला, चौदा गुंठ्यांचा. घरातल्या बाकी सगळ्या शेतांना नावं आहेत. ह्याला नाव नाही. 'त्यांचं' म्हणतात. "त्यांच्यात पाणी सोडलं काय?" एवढंच. कोणाचं, हे लहानपणी मी एकदा आजीला विचारलं होतं.

आजीनं तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगितलं. प्लेगच्या साली गावात उंदीर पडू लागले तसं गाव माळावर गेलं. प्रत्येकानं पेंढ्याच्या खोपी घातल्या. आषाढात वार पाळायचे, गाऱ्हाणं घालायचं, गाव सोडून बाहेर राहायचं, हे आपल्या भागाला मुळातच ठाऊक. शेजारचं घर मात्र निघायला दोन दिवस उशीर करून निघालं, कारण भात मळायचं राहिलं होतं. घरात सहा माणसं होती. पाच गेली. एक मुलगी उरली, ती आधीच धारवाडकडे दिलेली. त्यांच्या शेताचा सारा कुणीतरी भरायलाच हवा होता. आमच्या खापरपणजोबांनी भरला. एक वर्ष, दोन वर्षं, पुढे कागदावर त्यांचंच नाव आलं. मुलगी एकदा आली होती, ओसरीवर बसून पाणी प्यायली आणि गेली. मागितलं काहीच नाही, असं आजी म्हणायची. हे 'मागितलं काहीच नाही' ती दर वेळी दोनदा म्हणायची.

सर्वपित्रीला आमच्याकडे घरच्यांची पानं मांडून झाली की एक पान वेगळं वाढलं जाई, नाव न घेता. मला वाटे ते गाईचं.

मी त्या मुलीला, माझ्या विद्यार्थिनीला, मार्कस ऑरेलियस आणि पर्टिनॅक्स आणि जस्टिनियन असं सगळं सांगितलं. कधी परक्यांना बोलावलं, कधी फुकट दिली, कधी उरलेल्यांना बांधून ठेवलं, कधी शेजाऱ्यावर लादली. ती ऐकत होती. मग मी तिला आमच्या चौदा गुंठ्यांबद्दलही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आमच्या काकांनी पण ह्या वर्षी आमचा फाळा भरला, मॅडम." काकांचं नाव उताऱ्यावर चढलं का, असं मी विचारलं. अजून नाही, म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी तिला वारसा-नोंदीचा अर्ज भरायला बसवलं. तलाठ्याला आपल्याकडे गावलेखापाल म्हणत, कन्नडात 'ग्रामलेक्किग'. त्याच्याकडे ती आणि तिची आई चार वेळा गेल्या. चौथ्या खेपेला आईचं आणि दोन्ही मुलांची नावं लागली. शेतात त्या पावसाळ्यात सोयाबीन होतं.

धारवाडकडे दिलेल्या त्या मुलीच्या पुढच्या माणसांचा पत्ता लागतो का, म्हणून मी वडिलांना विचारलं. ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. बराच वेळ ते अंगणातल्या जास्वंदीकडे पाहत बसले. मग आत जाऊन त्यांनी पत्र्याची पेटी आणली. तिच्यात जुन्या सारा-पावत्यांची चळत आहे, मोडीतल्या आणि कन्नडातल्या. आम्ही अजून पहिल्याच गठ्ठ्यावर आहोत.